वकीलसाहेब दोनदा जेवले

"तेवीस वर्षांच्या वकिलीत मी एकही खटला हरलेलो नाही!" असं वकील रोगासियानो सुमागायसाय छाती पुढे काढून सांगत, आणि ते अगदी खरं होतं. कारण तेवीस वर्षांत त्यांनी एकही खटला दाखलच केलेला नव्हता!

इलोइलो शहराच्या बाजारात, लोखंडी सामानाच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की त्यांची कचेरी. शिंपी, बर्फवाले, न्हावी, जाळी विणणाऱ्या बायका अशी आमची छोटी धंदेवाली मंडळी त्यांची अशिलं. "कोर्टात कोण जातं? ज्यांना एका टेबलावर जेवता येत नाही ते!" हा त्यांचा सिद्धांत. दोन्ही बाजूंना जेवायला बसवायचं आणि ताटं रिकामी झाली की कागद पुढे सरकवायचा. कागदही असा, की त्यात मुंगी शिरेल एवढी फट मिळायची नाही. त्यांच्या खुर्चीमागे एक पाटी होती: 'सही करण्याआधी नाव वाचा.' येणाऱ्या प्रत्येकाकडून ते ती मोठ्यानं वाचून घेत.

मे महिन्याच्या चौदा तारखेला नांग बेबांग, म्हणजे आमच्या बेबांगताई, डोळे पुसत त्यांच्याकडे आल्या. नांग बेबांगच्या बेकरीतला पांदेसाल पाव खाल्ल्याशिवाय अर्ध्या बाजाराची सकाळ होत नाही. विटांची ती भट्टी त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं रचलेली. जागेचे जुने मालक वारले आणि जागा आली पुतण्याकडे, नोंग तेओडोरोकडे (नोंग म्हणजे दादा). हा गृहस्थ तीस वर्षं बोटीवर इंजिनियर. जानेवारीत परत आलेला, कुणाशी ओळख नाही, पत्राला उत्तर नाही. नांग बेबांगचा भाडेकरार संपत आलेला, आणि सोळा तारखेला तो एका औषधांच्या कंपनीला जागा लिहून देणार, अशी पक्की बातमी होती.

"दुकान कुठंही मांडीन हो, वकीलसाहेब. पण भट्टी कशी उचलून नेऊ? वडिलांनंतर तीच आहे मला."

"रडताय काय, नांग बेबांग! उद्या काय आहे?"

"उद्या सान इसिद्रो वस्तीचा फिएस्ता. घरोघरी जेवणावळी."

"आणि हा मनुष्य राहतो कुठं?"

"सान इसिद्रोतच. हिरव्या फाटकाचं घर."

"मग सुटला की प्रश्न! फिएस्ताच्या दिवशी दारात आलेल्याला कुणी परत पाठवतं का? उद्या दुपारी मी जेवणार, आणि तो सही करणार!"

या बेताला विरोध एकाच व्यक्तीचा होता. त्यांची बायको मिलाग्रोस. "गानोय, डॉक्टर काय म्हणालेत? साखर बघ! रक्तदाब बघ! पोट बघ!"

"अगं, मी माझ्यासाठी थोडाच जेवतोय? अशिलासाठी जेवतोय!"

आता, त्या वर्षी सान इसिद्रोच्या मुखियाला हिरवा रंग स्वस्तात मिळाला होता, त्यामुळे अख्ख्या गल्लीची फाटकं हिरवीगार! वकीलसाहेबांनी कुणाला विचारलं नाही. फिएस्ताला घर कुणाचं हे विचारतो कोण? दिसेल त्या घरात शिरायचं आणि जेवायचं. ते पहिल्याच हिरव्या फाटकातून आत शिरले. आत साठ-सत्तर माणसं जेवत होती. एक गोलमटोल म्हातारा धावत आला.

"या, या! जेवलात का?"

"मी वकील सुमागायसाय. जरा कामाची गोष्ट..."

"आधी ताट, मग बात!"

वकीलसाहेबांनी भाजलेल्या डुकराचं लेचोन खाल्लं, व्हालेन्सियाना भात खाल्ला, पान्सित शेवया खाल्ल्या, वर गरम सूपचे तीन वाडगे प्यायले. मग उभे राहून नांग बेबांगच्या भट्टीवर असं काही बोलले, की चार बायकांनी पदर नसताना डोळ्यांना रुमाल लावले! शेवटी त्यांनी कागद काढला.

"इथं सही करा."

म्हाताऱ्यानं कागद पाहिला. मग वकीलसाहेबांचा प्रसन्न चेहरा पाहिला. "माझीच हवी?"

"तुमचीच! दुसऱ्या कुणाची चालेल?"

म्हाताऱ्यानं खांदे उडवून सही ठोकली. सूपच्या वाफेनं वकीलसाहेबांचा चष्मा धुरकटला होता आणि बोटं तुपकट झाली होती. त्यांनी कागद तसाच पाकिटात सारला.

बेकरीत जल्लोष झाला! नांग बेबांगनी आल्यागेल्याला पाव वाटले, न्हाव्यानं गिटार काढली, वकीलसाहेबांना खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न झाला आणि खुर्चीची काळजी वाटून सोडून दिला गेला. तेवढ्यात नांग बेबांगनी पाकीट उघडलं.

"वकीलसाहेब, नाव सही झाल्यावर वाचलं तर चालतं का हो?"

"का?"

"इथं लिओपोल्दो हाबान लिहिलंय. हे नोंग पोल्दिंग. तेओडोरोचे शेजारी. म्हशींचे दलाल!"

गिटार थांबली. तेवीस वर्षं दुसऱ्यांना पाटी वाचायला लावणारा माणूस फिरायला जागा नसलेल्या खोलीत तोंड लपवायला जागा शोधू लागला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण नांग बेबांग एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. त्या फक्त भट्टीकडे बघत राहिल्या, आणि ते बघवेना म्हणून वकीलसाहेब उठले आणि धावत सुटले.

"तुम्ही बोलला का नाहीत?" ते नोंग पोल्दिंगवर उखडले.

"पाहुण्याला चारचौघांत खाली बघायला लावू? फिएस्ताच्या दिवशी? आणि भट्टी राहणार असेल तर मी अजून दहा सह्या करीन! बोला, कुठं करू?"

वकीलसाहेबांनी शेजारच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि ते जागीच थबकले. टेबलावर शंभर माणसांचं जेवण मांडलेलं. लेचोनचे दोन्ही कान शाबूत. आणि कडक इस्त्रीचा, सणासुदीचा बारोंग सदरा घातलेला एक माणूस एकटाच माश्या वारत बसलेला.

"सकाळी सहापासून फाटक उघडं आहे," नोंग तेओडोरो म्हणाला. "मला कोण ओळखतंय? सगळे शेजारी गेले. तुम्हीही तिकडेच गेलात, मी पाहिलं."

"कुणीच आलं नाही?"

"कंपनीचा साहेब आला होता. डाएट आहे म्हणाला. उभ्याउभ्या पाणी प्यायला आणि उद्याची वेळ सांगून गेला." त्यानं लेचोनवरची माशी हाकलली. "तीस वर्षं बोटीवर डब्यातले मासे खात या दिवसाची वाट पाहिली हो, वकीलसाहेब."

वकीलसाहेबांना भरून आलं. पाकीट ते साफ विसरले. पोटात तिळाएवढी जागा नव्हती, तरी त्यांनी पट्टा दोन भोकं सैल केला आणि बाह्या सरसावल्या.

"नोंग तेओडोरो, तो डावा कान माझा!"

कुरकुरीत कान चावत त्यांनी कुंपणावरून बेंबीच्या देठापासून हाक मारली, "नोंग पोल्दिंग! सगळ्यांना घेऊन इकडे या! इथलं लेचोन तुमच्यापेक्षा सरस आहे!"

हे ऐकल्यावर कोण थांबतो? साठ-सत्तर माणसं आपापल्या ताटांसह आली. वकीलसाहेबांच्या मागोमाग निघालेल्या नांग बेबांगही पावाची टोपली घेऊन पोचल्या. चार वाजेपर्यंत लेचोनची नुसती हाडं उरली होती, आणि नोंग तेओडोरो हसत हसत समुद्रातल्या वादळांच्या गोष्टी सांगत होता. सांगता सांगता त्यानं पावानं ताट पुसलं, घास तोंडात टाकला आणि उरलेला पाव नाकाशी धरला.

"हा पाव लहानपणी काका मला आणून द्यायचे."

"त्याच भट्टीतला आहे," नांग बेबांग हळूच म्हणाल्या.

"माझ्या जागेतली भट्टी म्हणजे तीच? मला वाटलं, ती कधीच गेली असेल! कुठाय तुमचा कागद?"

वकीलसाहेबांनी कोरी प्रत काढली. नोंग तेओडोरोनं पेन टेकवलं, तोच ते गरजले, "थांबा! आधी नाव वाचा!" नाव तीनदा वाचलं गेलं. पंधरा वर्षांचा करार झाला! नांग बेबांग हसता हसता रडल्या, आणि टाळ्यांनी कोंबड्या कौलांवर चढल्या.

"एक कलम वाढवा," नोंग तेओडोरो म्हणाला. "करार असेपर्यंत दर फिएस्ताला वकीलसाहेब माझ्याकडे पोटभर जेवतील."

"आणि माझ्या सहीचं काय?" नोंग पोल्दिंग ओरडले. "मलाही एक कलम!"

विजयाच्या भरात वकीलसाहेबांनी दोन्ही कलमं स्वतःच्या हातानं लिहिली, आणि सवयीप्रमाणे खाली जोडलं: 'कोणत्याही सबबीवर, आजारपण धरून, सूट मिळणार नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलाग्रोसनं तो कागद वाचला. "पंधरा वर्षं? दोन-दोन जेवणं? गानोय, तू वकील ना? काढ फट!"

वकीलसाहेबांनी कागद सरळ वाचला, उलटा वाचला, उजेडात धरून वाचला. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मिला, आयुष्यातला पहिला खटला दाखल करावा म्हणतो."

"आणि हरलास तर?"

"तर काय? हरणारच. कागद मी लिहिलाय ना!"