काकूंच्या वहीतली अकरा नावं

"मी हातापाया पडलो तरी फोन देऊ नकोस," असं स्वतःच बजावून चिरंजीवांनी मोबाइल आईच्या हवाली केला आणि खोलीचं दार लावून घेतलं. संख्याशास्त्राचा राहिलेला पेपर तीन आठवड्यांवर आला होता. तो याही खेपेला निघाला नाही तर शेवटच्या वर्षात प्रवेश नाही, असं कॉलेजने लेखी कळवलं होतं.

आई बस डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळायची. सत्तावीस वर्षांत तिची एक गाडी उशिरा सुटली नव्हती. मुलगा मात्र तिला कधी वेळेवर काढता आला नाही.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"येतोयस ना रे कॅन्टीनला?"

"तो अभ्यासाला बसलाय. कोण बोलतंय?"

"मी... लंबू, काकू."

"तुझंही संख्याशास्त्र राहिलंय ना? मग कॅन्टीनमध्ये काय करतोस?"

"घरी पुस्तक उघडलं की झोप येते हो!"

"साडेपाचला बस. साडेसहाला मी फोन करते. काय वाचलंस ते सांगायचं."

काकू विसरतील, असं लंबूला वाटलं. साडेसहाला त्याची जी काही खरडपट्टी निघाली, त्यानंतर तो दुसऱ्या दिवशी पावणेपाचलाच बसला. त्याने ही हकिकत मैत्रिणीला सांगितली, तर तिने आपणहून फोन केला. "काकू, मलापण ओरडा ना रोज."

आठवडाभरात आईच्या वहीत अकरा नावं चढली. प्रत्येकापुढे शेरा: 'वेळेवर', 'वीस मिनिटं उशीर', 'वाटेत बंद पडला'.

इकडे चिरंजीव दाराला कान लावून बसलेले. मित्रांची हजेरी इतकी मजेशीर घेतली जात होती, की पुस्तकाचं पान काही उलटेना. शेवटी ते बाहेर आले.

"कुणाचा फोन होता?"

"तुझ्या कामाचा नव्हता."

"अगं, फोन माझा आहे!"

"हातापाया पडलास तरी द्यायचा नाही असं ठरलंय."

निकाल लागला. अकराच्या अकरा पास! सगळे काकूंना भेटायला घरी आले, बैठकीत बसायला जागा उरली नाही. चिरंजीव चार गुणांनी राहिले होते, त्यामुळे पाण्याचे पेले त्यांनीच फिरवले.

मंडळी गेल्यावर त्यांचा बांध फुटला. "लोकांच्या पोरांचा अभ्यास घेतलास आणि माझा?"

आईलाही मनातून वाईट वाटत होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "तू मला फक्त फोन सांभाळायला दिला होतास." आणि तिने फोन परत केला.

कॉलेजने नापासांना आणखी एक संधी दिली होती. फेरपरीक्षा महिन्यावर होती, आणि आता तीच शेवटची. दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास आईचा मोबाइल वाजला. आवाज फोनमधूनही येत होता आणि शेजारच्या खोलीच्या बंद दारामागूनही.

"काकू, माझं पण नाव लिहून घेता का?"

आईने चष्मा लावला, वही पुढे ओढली आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."