हाताला लागलेला मासा

मासळीतलं आपल्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही, असं गुणाजी परब म्हणत, आणि नाहूरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. कल्ला उचलून रंग बघायचा, पोटावर बोट दाबायचं, की मासा कुठल्या बंदरावर उतरला हेसुद्धा ते सांगत. खरं-खोटं करायला बंदरावर कोणी गेलं नव्हतं. पण त्यांच्यासोबत बाजारात गेलेल्या माणसाला शिळा बांगडा मिळत नसे, एवढं नक्की.

त्यामुळे सून अक्षता आणि मुलगा प्रीतम मित्राच्या लग्नाला हैदराबादला निघाले, आणि जाताना अक्षताने माझ्या लोच माशांना तुम्ही सांभाळाल ना, असं काळजीने विचारलं, तेव्हा गुणाजींना तो प्रश्नच जरा लागला. मालवणच्या माणसाला मासा सांभाळाल का म्हणून विचारायचं!

हे लोच म्हणजे हॉलमधल्या काचेच्या टाकीतले सहा मासे. झेंडूच्या रंगाचे, अंगावर काळे रुंद पट्टे, तोंडाला बारीक मिशा. अक्षताने ते बोटाएवढे असल्यापासून बोरिवलीला माहेरी वाढवले होते आणि लग्नानंतर टाकीसकट टेम्पोतून सासरी आणले होते. गावाकडे कोणी, सुनेने काय आणलं, असं विचारलं की गुणाजींची बायको मालन विषय बदलत असे. सहा मासे आणले होते, आणि तेही खायचे नव्हते.

अक्षताने सगळं समजावून सांगितलं. पाणी एकदम सगळं बदलायचं नाही, थोडंच काढायचं, आणि बादलीत आधीपासून भरून ठेवलेलं घालायचं. मीठ नाही, औषध नाही, लोचची कातडी नाजूक असते. तळाची वाळू उकरायची नाही. लाकडामागच्या फटी मोकळ्या ठेवायच्या, त्यांना लपायला लागतं. शेवटी ते कसे झोपतात याबद्दलही ती काहीतरी म्हणाली. पण तोवर गुणाजींनी तिला ताजा बोंबील कसा ओळखावा हे सांगायला सुरुवात केली होती, त्यामुळे तेवढं राहून गेलं.

नेमकं तेच राहायला नको होतं.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून गुणाजी टाकीसमोरच्या खुर्चीत बसले, तर त्यांना लाकडाच्या मागे सगळ्यात मोठा लोच कुशीवर पडलेला दिसला. हलत नव्हता. रंगही उतरल्यासारखा. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काही नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी कुशीवर पडलेला मासा फक्त पाटीत, परातीत आणि ताटात पाहिला होता.

त्यांनी मालनला हाक मारली आणि हळद-मीठ आणायला सांगितलं. जखम असो, घसा असो, हळद-मिठाने बरं झालं नाही असं परबांच्या घरात काही नव्हतं. मालन कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"हळद-मीठ लावल्यार पुढे तवोच ठेवूचो लागता," ती म्हणाली.

हे पटण्यासारखं होतं. शिवाय अक्षताने मिठाला नाही म्हटलेलं होतं. तेव्हा आधी मासा आहे की गेला याची खात्री करावी, असं गुणाजींनी ठरवलं, आणि खात्री करायची त्यांना एकच रीत माहीत होती. त्यांनी बाही सारली, कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि दोन बोटांनी लोचचा कल्ला उचलला.

लोच झोपला होता. या जातीचे मासे मेल्यासारखे आडवे होऊन झोपतात. आपल्याला झोपेत कोणी कल्ला उचलून जागं केलं तर आपण काय करू, तेच त्याने केलं. एक गिरकी घेतली, शेपटी आपटली, गुणाजींच्या चष्म्यावर पाणी उडवलं आणि मग एकदम थांबला. थांबला, कारण त्याला जाता येईना. लोचच्या डोळ्याखाली एक काटा असतो. एरवी मिटलेला, मासा घाबरला की चाकूच्या पात्यासारखा उघडतो. तो काटा गुणाजींच्या मनगटावरच्या काळ्या धाग्यात अडकला होता.

गुणाजी हात काढायला गेले, तर मासाही वर येऊ लागला. त्यांनी हात खाली केला. मासा खाली गेला.

मालनने अक्षताला फोन लावला आणि तो गुणाजींच्या कानाला धरला. मागे सनई वाजत होती. आपण कल्ला का उचलला, हे सुनेला सांगताना गुणाजींना फार जड गेलं. पण अक्षता ओरडली नाही. तिचा आवाज फक्त बारीक झाला.

"बाबा, ओढू नका. काटा मोडला तर त्याचा डोळा जाईल. हात पाण्यातच ठेवा आणि आईंना तो धागा कापायला सांगा."

फोन मोठ्या आवाजावर होता. मालनने ते ऐकलं, शिवणाच्या डब्यातून कात्री काढली, आणि ती पदराखाली घेऊन सोफ्यावर जाऊन बसली.

"हो धागो कापूचो नाय," ती म्हणाली.

धागा गावच्या रवळनाथाचा होता. गेल्या वर्षी गुणाजींच्या छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मालनने बोललेल्या नवसाचा. जत्रेला गुणाजींनी स्वतः जाऊन, देवापुढे उभं राहून तो सोडायचा होता. तोवर कापायचा नाही, गाठ उकलायची नाही. नंतरचे सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, स्टेंटचा गुण. मालनचं म्हणणं, स्टेंट काय, पैसे टाकले की कोणालाही बसतो. हॉस्पिटलच्या बाहेरच्या खुर्चीत ती कशी बसली होती ते तिचं तिला माहीत. त्या खुर्चीत पुन्हा बसायची तिची तयारी नव्हती, आणि एका माशासाठी तर नव्हतीच.

धागा मनगटावरून सरकवून काढावा, तर गुणाजी वर्षभरात सुधारले होते. धाग्यातून मनगट काही बाहेर येईना.

तेव्हा एका हाताला सुनेचा मासा आणि बायकोचा देव, दोन्ही घेऊन गुणाजी टाकीपाशी वाकून उभे राहिले. बाकीचे पाच लोच आता फटीतून बाहेर आले आणि मिशांनी त्यांचा हात चाचपू लागले. हातावरचा एकेक केस त्यांनी तपासून पाहिला. गुणाजींना गुदगुल्या होत होत्या आणि हलायची सोय नव्हती.

तेवढ्यात शेजारची जॅकलिन आली. तिचं माहेर मनोरीचं, आणि क्रोशाची सुई सतत तिच्या पिशवीत. ती सुई घेऊन तिने धाग्याचे पदर सोडवून बघितले, पण हात लागला की मासा आणखी घाबरे आणि काटा आणखी घट्ट बसे. तिने सुई पुसून पिशवीत टाकली.

"अंकल, त्याला शांत होऊ दे. भ्यायलेला आहे तोवर सोडणार नाही तो," ती म्हणाली.

गुणाजी म्हणाले, मासा शांत होईल गं, माझी कंबर होणार नाही. मग त्यांनी मालनकडे बघितलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "अगो, मग देवाकच इचार."

ते वैतागून म्हणाले होते. पण मालनला ते पटलं. तिने गावच्या सहदेव गुरवाला फोन लावला. देवळापाशी रेंज नसते, म्हणून सहदेव शाळेच्या घाटीवर चढला, तिथून खाली देवळाच्या कौलांकडे तोंड करून उभा राहिला आणि धापा टाकत सगळी हकीकत ऐकून घेतली. परवानगी मागता येईल, म्हणाला. गाऱ्हाणं घालावं लागेल. ऐकणाऱ्यांनी मात्र मनापासून होकार द्यायचा.

मालनने फोन टाकीच्या झाकणावर ठेवला आणि हात जोडले. जॅकलिननेही जोडले. गुणाजींनी एकच हात छातीशी धरला.

"बा देवा रवळनाथा," सहदेवचा आवाज टाकीवर घुमला, "पोटापाण्यासाठी मुंबयक गेलेलो तुझो लेकरू गुणाजी, तेचो हात आज पाण्यात अडाकलो हा, म्हाराजा."

"होय म्हाराजा," मालन आणि जॅकलिन म्हणाल्या. जॅकलिनने सवयीने क्रूसाची खूणही केली.

"तेच्या हातून काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल. धागो तुटलो तरी तुझी राखण कायम ठेव, म्हाराजा."

"होय म्हाराजा." आता गुणाजीही म्हणाले. त्यांचे डोळे मिटले होते. हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं. टाकीतल्या पंपाची बुडबुड तेवढी चालू होती.

"आणि ह्या मुक्या जिवाक तरास दिलो, तेची फेड म्हणान गुणाजी जत्रेपर्यंत मासळेक तोंड लावचो नाय, म्हाराजा."

"होय म्हाराजा," तिघंही म्हणाले. गुणाजींचा आवाज सगळ्यात मोठा होता. आपण कशाला होय म्हटलं, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

आणि त्याच वेळी मनगटाला हलकं वाटलं. एवढा वेळ हात दगडासारखा स्थिर राहिल्यामुळे लोचची भीती गेली होती. त्याने काटा मिटला, धाग्यातून अलगद सुटला आणि लाकडामागे जाऊन पुन्हा कुशीवर पडला.

गुणाजींनी हात बाहेर काढला. बोटं भिजलेल्या चण्यांसारखी सुरकुतली होती. धागा जसाच्या तसा होता. मालन डोळे पुसत म्हणाली, देव पावला. अक्षताला परत फोन लावला, तेव्हा ती म्हणाली, लोच शांत झाला की काटा मिटतोच. दोघींना हवं ते मिळालं होतं. राहिले गुणाजी. त्यांनी घाईघाईने सहदेवला फोन लावून समजावलं की धागा कापावाच लागला नाही, म्हणजे परवानगी वापरलीच नाही, म्हणजे फेडीचा प्रश्न येत नाही.

सहदेव तोवर अर्धी घाटी उतरला होता. आवाज तुटत तुटत आला, पण जेवढा आला तेवढा पुरेसा होता. देवाने ऐकून घेतलंय, आता पुन्हा चढून मी सांगायला जाणार नाही.

श्रावण आणि गणपती पाळून गुणाजी नुकतेच कुठे मासळीवर आले होते. जत्रा मार्गशीर्षात होती.

अक्षता परत आली ती सरळ टाकीपाशी गेली. बॅटरी लावून तिने मोठ्या लोचचा डोळा नीट पाहिला. डोळा शाबूत होता. मग ती सासऱ्यांकडे वळली आणि म्हणाली, तुम्ही इतका वेळ हात हलवला नाहीत, म्हणून वाचला तो, दुसऱ्या कोणी ओढला असता. तिचा त्यांच्यावर आता पूर्ण विश्वास बसला होता. इतका, की लोचचं रविवारचं खाणं तिने कायमचं त्यांच्याकडे सोपवलं.

लोचांना रविवारी कोळंबी लागते. ताजी, मीठ न लावलेली.

तेव्हापासून दर रविवारी गुणाजी बाजारात जातात, पाटीतली कोळंबी बोटाने दाबून बघतात, वास घेतात, कोळणीशी हुज्जत घालतात. घरी येऊन सोलतात, दोरा काढतात, बारीक चिरून टाकीत सोडतात. उरलेल्या कोळंबीची मालन आमटी करते. ती घरात सगळे जेवतात आणि झकास झाली म्हणतात. गुणाजी पडवळ-डाळ भात खातात आणि कोळंबी गेल्या रविवारपेक्षा जरा लहान निघाली, एवढंच बोलतात.