आम्ही ठणठणीत आहो

प्रताप नगरातल्या माझ्या घरमालकांना, मनोहरकाकांना, ‘कसे आहात?’ विचारलं की ते आईची तब्येत सांगतात. तीही ‘आम्ही’ म्हणून. “आज आमचं पोट साफ झालं गा!” असं एकदा त्यांनी फाटकातून भाजीवाल्याला ओरडून सांगितलं. त्यानं खुशीनं कोथिंबीर वरून टाकली.

काकांनी लग्न केलं नाही. त्यांची आई, म्हणजे आमच्या आजी, अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून त्यांचं सगळं काकाच करतात. हल्ली काकांचे डोळे तारवटलेले असतात, उभ्या उभ्या डुलकी लागते. परवा आजींना उठवताना तोल गेला. हेच पडले तर आजींना उचलणार कोण, ही गल्लीची काळजी. काकांचं एकच, “आम्ही ठणठणीत आहो.”

माझे आईवडील काटोलकडे संत्र्याच्या बागेत मजुरी करतात. आमच्या घरात कॉलेज पाहिलं ते मीच. त्या शिक्षणामुळे मला एका प्रकल्पात काम मिळालं: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांचं स्वतःचं आयुष्य कसं चाललंय, ते मोजायचं. पहिली मुलाखत अर्थात काकांची.

“स्वतःसाठी वेळ मिळतो?”

“मिळते ना. काल आम्ही नखं काढली.”

“कोणाची?”

“आईची. माझी कुठं वाढतात? भांडे घासू घासू झिजली.”

“झोप कशी लागते?”

“मस्त! चांगले घोरून राहिलो होतो आम्ही.”

“काका, तुमची झोप.”

“तेच तर सांगून राहिलो बाबू. काहून डोकं खाऊन राहिला?”

मी हात जोडले. म्हटलं, आजींजवळ मी बसतो, तुम्ही चहा पिऊन या. बरीच मनधरणी झाली. शेवटी काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि मी आजींना वाटीभर पेज भरवून होण्याच्या आत परतही आले.

“काहून आले काका एवढ्यात?”

“टपरीवर ज्यानं त्यानं आईचंच विचारलं. ते सांगून झालं, मग बोलायले काही उरलंच नाही.”

ते आजींच्या पायाशी टेकले. जरा वेळानं हळूच म्हणाले, “तो झोपेचा प्रश्न फिरून विचार बरं.”

मी विचारला.

“नाही लागत गा. आई झोपली की तिचा श्वास ऐकत राहतो. जरा थांबल्यासारखा वाटला की हात धरतो. तिले वाटते, तिले भेव वाटू नये म्हणून धरला.” काकांनी आजींची चादर सारखी केली. “भेव मले वाटते.”