सोबत कोण आहे?

"सोबत कोण आहे?" डॉ. सुदर्शन औताडे यांनी विचारलं.

"कुनी नाय," पाचोडहून आलेल्या कडूबाई म्हणाल्या. "लेक कामावर, सून बाळंतीन. यष्टीनं एकलीच आले."

"मग थेंब मिळणार नाहीत. डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब आहेत ते, गुलाबपाणी नाही! उजेड सोसत नाही, जवळचं दिसत नाही. कुठं पडलात म्हणजे? लेकाला घेऊन या, जा."

कडूबाई पुटपुटत व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

आम्हा डोळेवाल्यांना एक खोड असते. डोळा नंतर तपासायचा, माणसाला आधी झापायचं. आमच्या नेत्रसंस्थेत शिकवणारे सुदर्शन सर यातले उस्ताद. 'थेंब घातल्यावर रुग्ण सूचना का पाळत नाहीत' यावर त्यांना संशोधन करायचं होतं. निधी देणारी समिती उद्या येणार होती, आणि यंदा नकार आला तर हा विषय कायमचा गुंडाळायचा, असं संचालकांनी बजावलं होतं. बिचाऱ्यांची झोप उडाली होती.

कडूबाईंना हाकलल्यावर सरांच्या लक्षात आलं, की विद्यार्थ्यांना डोळ्याचा पडदा दाखवायला आता रुग्णच उरला नाही. शिकवण्याची मात्र भारी हौस.

"माझाच बघा!" सर खुर्चीत बसले. "उजव्या डोळ्यात थेंब घाला. फक्त उजव्या. संध्याकाळी स्कूटरवर पडेगावला जायचंय मला."

श्रेया ही विद्यार्थिनी बाटली घेऊन पुढं झाली. सर समोर बसलेले. तिच्या उजव्या हाताला येणारा डोळा तिनं उजवा धरला आणि त्यात थेंब सोडले.

"अगं, हा डावा! मी उजवा म्हणालो होतो!"

सर ओरडले की आज्ञा पाळायची, एवढंच तिच्या वर्गातला सम्यक शिकला होता. त्यानं तत्परतेनं उजव्यातही थेंब सोडले.

पुढच्या अर्ध्या तासात विद्यार्थ्यांनी सरांचे दोन्ही पडदे मनसोक्त पाहिले. तेवढ्यात शिपाई धावत आला. "सर, समिती आली! त्यांना उद्या वेरूळ बघायचंय म्हणून आजच आले."

"अरे देवा! तुम्ही दोघं पुढं व्हा, त्यांना बसवा, चहा द्या!" रुग्णांसाठी ठेवलेला काळा गॉगल चढवून सर व्हरांड्यात निघाले. खिडक्यांतून ऊन अंगावर आलं आणि ते थेट बाकावर आदळले.

"आरं आरं! काय झालं लेका?" कडूबाईंनी हात धरला.

"थेंब घातलेत, मावशी."

"आन् सोबत कोन हाय?"

सरांनी सभागृहाकडं बोट दाखवलं. कडूबाईंनी त्यांना हाताला धरून सभागृहात नेलं आणि आपणही शेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

लॅपटॉपवरची अक्षरं म्हणजे सरांना नुसत्या मुंग्या दिसत होत्या. अंदाजानं त्यांनी एक फाईल उघडली. "हा आपला मुख्य प्रश्न," ते ठणकावून म्हणाले. पडद्यावर त्यांच्या मेहुण्याचा साखरपुडा झळकला.

"पोरगी लई देखनी हाय," कडूबाई म्हणाल्या.

समितीचे प्रमुख काकासाहेब खाकरले. "डॉक्टर, सभागृहात गॉगल कशाला?"

लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. सरांनी सगळं सांगून टाकलं.

"तुमच्या प्रस्तावातली पहिलीच सूचना," काकासाहेब कागद चाळत म्हणाले, "सोबत नसेल तर थेंब घालायचे नाहीत. मग तुमच्या सोबतीला कोण आहे?"

सरांनी मनात म्हटलं, गेलं संशोधन, वर मेहुण्याची अब्रूही गेली.

"मी हाय की," कडूबाई म्हणाल्या. "मला आज परत धाडलं, म्हनून त्याला सोबत घावली. नायतर पडला असता कुठंतरी."

काकासाहेब खो खो हसले. "सूचना का पाळत नाहीत ते कळलं. सोबत मिळत नाही म्हणून! एकट्यानं येणाऱ्याला संस्थेनं सोबत द्यायची, एवढी अट घाला. निधी मंजूर."

सरांनी अट तिथंच मान्य केली. त्यांनी कडूबाईंचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडायचं काय त्यात? माझ्या डोळ्यात थेंब घाल. येरझार वाचंल माझी. सोबतीला संस्थेचा मानूस पायजे ना? तू हायेस की!"

अट सरांनीच नुकतीच मान्य केली होती. मोडणार कशी?

संध्याकाळी बसस्थानकावर दोन काळे गॉगल एकमेकांचा हात धरून उभे होते. समोर एकामागून एक गाड्या लागत होत्या आणि मावळतीचं ऊन नेमकं पाट्यांवर पडलं होतं.

"पाचोडची कंची रं?"

"दिसत नाही, मावशी. तुम्हाला?"

"मला दिसलं असतं तर तुला कशाला आनलं असतं?" कडूबाईंनी मोठ्यानं हाक दिली, "ए भाऊ, जरा इकडं ये! आमच्यासंगं कुनीच नाय!"