वजनासाठीच हो!

एका महिन्यात आठ किलो! शहाऐंशीवरून थेट अठ्ठ्याहत्तर! तारीख लिहून ठेव! असं मी माझ्या मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं आणि तोंडातला तळलेल्या तेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा घाईघाईनं गिळला.

"बाबा, काय खाताय?"

"कुठे काय? बोलतोय!"

लारास माझी एकुलती एक मुलगी. बालिकपापानला इस्पितळात नर्स आहे. मध्ये अख्खा समुद्र आहे, तरी माझं चघळणं तिला तिकडे ऐकू येतं.

"तुमचा रिपोर्ट बघितला मी. आई गेल्यापासून दोन वर्षांत बारा किलो वाढलात! एक महिना देते. येताना वजनकाटा घेऊन येईन. काटा खाली आला नसेल, तर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. नवव्या मजल्यावर. कायमचं!"

नववा मजला! अहो, मी क्लातेनच्या या गल्लीत जन्मलो. सुमार्नीला लग्न करून इथंच आणलं, आणि इथल्याच कबरस्तानात पोचवलं. पावसाचं पाणी आधी कुणाच्या दारात तुंबतं इथपर्यंत मला पाठ आहे. लारास बारा-बारा तास ड्यूटीवर असते. मी नवव्या मजल्यावर दिवसभर काय करणार? लिफ्टशी गप्पा मारणार?

उपायही तिनंच धाडला होता. एका डॉक्टरांचा व्हिडिओ. सोळा तास उपाशी राहायचं, आठ तासांत काय ते खाऊन घ्यायचं. मी हिशेब केला. सोळातले आठ तर झोपेत जातात! उरले आठ. जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत एकतीस वर्षं मी रोज आठ तास काहीही न करता बसलो होतो. मला कोण हरवणार?

आता ते बारा किलो आले कुठून, तेही सांगून टाकतो. सुमार्नी आटवलेल्या दुधाच्या रिकाम्या डब्यानं तांदूळ मोजायची. दीड डबा, दोघांचा. एकट्याला किती लागतो हे ती सांगून गेली नाही, आणि विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही. त्यामुळे मी रोज दीड डबाच लावत आलो. भात टाकायचा नाही ही तिची शिस्त. मग दोघांचं मी एकटा जेवायचो, ओट्यापाशी, उभ्यानं. ताट घेऊन बसलं की समोरची जागा दिसते.

सोमवारी सकाळी साडेसहाला बू तुमिराहची सायकल फाटकाशी थांबली. आमच्याकडे मानानं बाईला बू म्हणतात आणि पुरुषाला पाक. बू तुमिराह गल्लोगल्ली पेचेल विकते. उकडलेला पाला, त्यावर शेंगदाण्याची चटणी. पाच वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून सायकलवर आहे. ती रोज विचारते, "पाक मार्गोनो, तिखट की मध्यम?" मी म्हणतो, "मध्यम." खोटं कशाला सांगू, बऱ्याच दिवशी माझं माणसांशी एवढंच बोलणं व्हायचं.

"आज नको, बू. उपास आहे."

"सोमवारचा? अरे वा!" तिचा चेहरा एकदम मऊ झाला आणि ती घंटी वाजवत निघून गेली.

सोमवार-गुरुवारचा उपास आमच्याकडे पुष्कळजण करतात. पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत. माझा तसला नाही, माझा दुपारी बाराला सुटणारा आहे, हे मी तिथंच ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बारा वाजता ताट वाढलं, पहिला घास उचलला, आणि दारात गल्लीचे प्रमुख पाक कासिरान हजर! हातात बॅटरी. पाण्याच्या टाक्यांत डासांच्या अळ्या शोधायला निघाले होते.

"अहो, तुमचा उपास ना? तुमिराह सांगत होती!"

"हे होय? हे मांजराला!"

"एवढा ढीगभर भात?"

"मोठं आहे."

"पण तुमच्याकडे मांजर कुठंय?"

"येईलच आता!"

ते माझ्या टाकीत अर्धा तास अळ्या शोधत बसले. मांजर येतंय का तेही बघत होते. मी निमूटपणे ताट झाकलं ते संध्याकाळपर्यंत.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली आणि फाटक वाजलं. बू तुमिराह! हातात निळ्या फुलांचं इनॅमलचं पातेलं, त्यात नारळाच्या दुधात गूळ घालून शिजवलेली केळी. उपास सोडणाऱ्याला खाऊ घातलं की त्याच्याइतकंच पुण्य मिळतं, म्हणून आली होती. पायरीवर बसली. मी वाटी घेतली, तीही थोडं जेवली. चटणीत लसूण जास्त झाला की गिऱ्हाईक कसं तोंड करतं ते करून दाखवलं. मी हसलो. माझं हसणं त्या घरात मलाच अनोळखी वाटलं. दोन वर्षांत माझ्यासमोर बसून कुणी जेवलं नव्हतं, वाचकहो. त्या रात्री मी ओट्याशी गेलोच नाही.

मंगळवारी मी पुन्हा पेचेल नाकारलं. बुधवारीही नाकारलं. आणि गल्लीचे कान टवकारले!

कारण सोमवार-गुरुवार सोडून कुणी रोजच उपाशी राहायला लागला, की त्याला काहीतरी हवंय हे आमच्याकडे पोरसोरही ओळखतं. मुलाची नोकरी, लेकीचं लग्न, चोरीला गेलेली म्हैस, काहीही असू शकतं. तो माणूस मनात एक मागणं धरून उपाशी राहतो. ते काय आहे हे त्याला विचारायचं नाही आणि त्यानं सांगायचं नाही. सांगितलं की वाया! त्यामुळे मी जितक्या मोठ्यानं "अहो, वजनासाठी!" म्हणून ओरडायचो, तितकी गल्ली एकमेकांकडे बघून मान डोलवायची.

"हो हो, पाक. वजनासाठीच!" असं म्हणून सगळे डोळा मारायचे.

"शपथेवर सांगतो!"

"शपथ? बाप रे! म्हणजे मोठंच काहीतरी असणार!"

मागणं काय असावं यावर दोन पक्ष पडले. नळावरच्या बायका म्हणायच्या, विधुर माणूस, दोन वर्षं झाली, आता काय ते कळायला ज्योतिषी लागतो का! आणि बू तुमिराहकडे बघून खोकायच्या. दुसरा पक्ष होता एकट्या पाक कासिरान यांचा. महिनाअखेरीस गल्लीचा प्रमुख निवडायचा होता. पंधरा वर्षं ती बिनपगारी हमाली त्यांच्याकडेच होती. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं! पण त्यांनी बायकोला सांगितलं, "मार्गोनोचा डोळा माझ्या पदावर आहे. तो रोज उपाशी? मग मीही रोज उपाशी!"

आणि त्यांनी खरोखर सुरू केलं! सूर्य मावळल्यावर तीन खजूर आणि पाणी, बस्स. अकराव्या दिवशी मशिदीच्या टाकीत अळ्या शोधता शोधता चक्कर आली आणि ते आतच गेले. बॅटरीसकट! बाहेर काढल्यावर पहिले शब्द काय? "मार्गोनो अजून करतोय का?"

मार्गोनो करत होता! काय बिशाद होती सोडायची? दुपारी बाराला खिडक्या लावून चोरून जेवावं म्हटलं, तर गल्लीत लसणाची फोडणी लपत नाही. मग नाइलाजानं दिवसभर कोरडा. आणि संध्याकाळी? संध्याकाळी माझ्या अंगणात पुण्याची नुसती लूट चाललेली असायची! नारळाच्या दुधातली कोंबडी, भजी, चिकट तांदळाचे गोळे, वर पुन्हा केळी. ज्यांचं मी खाल्लं नाही त्यांचे चेहरे पडायचे. म्हणून मी सगळ्यांचं खायचो. एका चटईच्या दोन झाल्या, दोनांच्या तीन झाल्या. अकरा माणसं रोज! मी दुपारी चारपासून अंगण झाडायला लागलो. दाढी करायला लागलो. लारासचा काटा, नववा मजला, सगळं विसरलो. सायकल पायरीला टेकल्याचा आवाज आला की मात्र मला भूक आठवायची.

महिना भरला आणि लारास ऐन अजानीच्या वेळी फाटकात उभी राहिली. काखेत काटा!

"बाबा, कुणाचं लग्न आहे?"

बायका पदराआड फिदीफिदी हसल्या. एकजण म्हणाली, "अजून ठरायचंय, बाळ!"

लारासनं काही न ऐकता काटा अंगणाच्या मधोमध ठेवला. "चढा."

चढलो. अकरा माणसं वाकून बघायला लागली.

"एक्क्याण्णव!" लारास किंचाळली. "बाबा, वजन कमी करायला उपास करत होतात ना?"

"हो! महिनाभर घसा फोडून दुसरं काय सांगतोय मी?"

माझ्यावर महिनाभर कुणाचा विश्वास बसला नव्हता. नर्सबाईंवर तत्काळ बसला.

पाक कासिरान भिंतीला धरून उठले. गालफडं बसलेली, पट्ट्याला तीन नवी भोकं. "म्हणजे... तुम्हाला माझं पद नको?"

"टाकीत पडायला? मुळीच नको!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूच त्यांनी विचारलं, "मी जरा चढू का?" आणि चढले. सत्तरचे बासष्ट! आठ किलो! माझे आठ किलो, वाचकहो! माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या कमरेवरून उतरले होते!

अंगणात हसण्याचा जो स्फोट झाला तो चौकापर्यंत ऐकू गेला असेल. कोंबडी वाढणाऱ्या बाईनं पातेलं परत झाकलं. "लठ्ठ माणसाला वाळवायला आम्ही महिनाभर चारतोय होय!" हसत हसत एकेकजण निघाला आणि फाटकाबाहेरही हसत राहिला.

शेवटी बू तुमिराह राहिली. निळ्या फुलांचं पातेलं उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"पाक, खरंच वजनासाठीच होता?"

महिनाभरात पहिल्यांदा गल्लीतल्या कुणीतरी सरळ विचारलं होतं! मी आनंदानं जवळजवळ ओरडलोच, "वजनासाठीच हो!"

"बरं," ती म्हणाली. उरलेली केळी तिनं माझ्या भांड्यात काढली, पातेलं पदरानं पुसलं आणि गेली. सायकलची घंटी वाजली नाही.

ती वळणापलीकडे गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे हे विचारत नाहीत. कुणीच विचारत नाही. तिनं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगण झाडलं, तीन चटया घातल्या, चार डबे भात लावला. अजान झाली. फाटक वाजलं नाही. लारास दारात उभी राहून बघत होती.

"बाबा, कोण येणार आहे?"

"कुणी नाही. सवय."

ती चटईवर येऊन बसली. आम्ही दोघं जेवलो. ताटं उचलताना ती म्हणाली, "चला ना माझ्याकडे." या वेळी तिच्या आवाजात काटा नव्हता, आणि म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं. मी एवढंच म्हणालो, "अजून तीन महिने दे." तिनं माझ्याकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं आणि दिले. जाण्याआधी तिनं दुधाच्या डब्यावर चाकूनं एक रेघ ओढली, अर्ध्यावर. "एकट्याला एवढाच." मग तीही गेली. घर इतकं गप्प झालं की भाताच्या कुकरचं बटण उडालं तरी मी दचकायचो.

तर या असल्या उपासानं वजन उतरतं का? उतरतं! पाक कासिरान यांना विचारा. नवी पँट शिवलीय त्यांनी, आणि पद बिनविरोध मिळालंय. मला विचाराल, तर उपासात भूक हा प्रश्नच नाही. भूक सहन होते. संध्याकाळ सहन होत नाही.

गेले पाच दिवस सायकल माझ्या फाटकाशी थांबत नाही, सरळ पुढे जाते. उद्या सोमवार आहे. साडेसहाला मी फाटकाबाहेर, अगदी रस्त्याच्या मधोमध उभा राहणार आहे. थांबावंच लागेल! "तिखट की मध्यम?" असं तिनं विचारलं, तर सांगणार, "नको बू, उपास आहे." पुढे तिनं काही विचारलं, तर या वेळी तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

आणि संध्याकाळी भात दीड डबा लावणार आहे. कशासाठी ते तुम्हीही विचारू नका. सांगितलं की वाया जातं.