ओलीचं पहिलं कारण

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, चर्चच्या पाळकांनी बेल वाजवली तेव्हा त्यांच्या हातात एक ओला कागद होता. दार मास्तरांनी उघडलं. मास्तर म्हणजे शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आणि अजूनही समोरचा माणूस शेवटच्या बाकावर बसला आहे असं समजून बोलणारे गृहस्थ. देव नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. पाळकांचं मत अर्थातच उलट. चर्चमध्ये प्रवचन देऊन त्यांचं मन भरत नसे, म्हणून दरवर्षी ते वाचनालयाच्या सभागृहात 'देव आहे याला पुरावा काय?' या विषयावर मास्तरांशी जाहीर वाद घालत. यंदाचा वाद येत्या रविवारी होता आणि दोघेही महिनाभर तयारीत बुडाले होते.

"मास्तर, वरून पाणी येतंय," पाळक म्हणाले.

"वरून म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडून. माझ्या टेबलावरच्या छताला ओल आलीय. आज थेंब पडला, तो नेमका माझ्या भाषणावर."

मास्तरांनी कागद हातात घेतला. 'ज्याला सुरुवात आहे त्याला कारण असतं' या वाक्याची शाई फुटून निळं डबकं झालं होतं. मास्तरांना ते वाक्य अशा अवस्थेत पाहून बरं वाटलं.

"ओल आहे, हे मान्य," ते म्हणाले. "पण ती आमच्याच बाथरूममुळे आहे, याला पुरावा काय?"

"अहो, माझ्या डोक्यावर तुमचं बाथरूम आहे. दुसरं आहे काय?"

"हेच तुमचं नेहमीचं. काही कळलं नाही की बोट वर करायचं."

"मग ही ओल आली कुठून?"

"हवेतल्या दमटपणामुळे येते. कधीकधी आपोआपही येते."

"आपोआप?" पाळकांचे डोळे चमकले. "हे मी रविवारी सांगितलं तर चालेल?"

मास्तरांनी दार जरा घाईनेच लावलं. मागे त्यांची बायको कोरडं फडकं घेऊन उभी होती. ते फडकं हल्ली तिच्या हातातच असे, कारण बाथरूम नवं होतं. सिमेंटचे टवके उडालेल्या जुन्या बाथरूममध्ये तिने अर्धा संसार काढला होता. शेवटी मास्तर निवृत्त झाल्यावर तिने दुकानं पालथी घालून पांढऱ्या टाइल्स शोधल्या, प्रत्येकीवर फिकट निळं पान. दुकानात तेवढीच खोकी उरली होती. त्या टाइल्स बनवणारी कंपनी बंद पडली होती. आंघोळ झाली की ती प्रत्येक टाइल पुसून काढी, आणि मास्तरांना अंगावर पाणी असं घ्यावं लागे की भिंतीला कळता कामा नये.

"आपल्या बाथरूममधून थेंबसुद्धा गळत नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून काय? मला माहीत आहे."

हेच उत्तर पाळकांनी दिलं असतं तर मास्तरांनी त्यांची तासभर हजेरी घेतली असती. इथे मात्र ते मान डोलावून आत गेले. निष्कर्ष त्यांच्या सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी पाळकांनी प्लंबर आणला. त्याने छताकडे पाहिलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "टाइल्स फोडाव्या लागतील."

"अजिबात नाही!" बायको जिन्यातूनच ओरडली.

"नाहीतर रंगाची टेस्ट करा. रोज सकाळ-संध्याकाळ बाथरूमच्या जाळीत हे लाल पाणी ओतायचं. खाली लाल थेंब पडला तर तुमचा पाइप गळतोय. नाही पडला, तर नाही."

दोघेही वादपटू एकदम खूश झाले. असा स्वच्छ प्रयोग देवाच्या बाबतीत दोघांनाही कधी सुचला नव्हता. मास्तरांना भाषणाची तयारी असल्यामुळे रंग ओतायचं काम बायकोने आपणहून अंगावर घेतलं. खाली पाळक टेबलावर पांढरी बशी ठेवून छताकडे टक लावून बसले. थेंब पडत राहिले, पण सगळे पाण्यासारखे स्वच्छ. शनिवारी पाळक स्वतः वर आले. "रंग रोज दोन्ही वेळा ओतला, आमचं पाणी नाही," मास्तरांनी त्यांना सांगितलं.

"मास्तर, चुकलो मी. तुमच्यावर उगाच आळ घेतला."

"पुराव्यापुढे मान तुकवणं हा मोठेपणा आहे, पाळकसाहेब," मास्तर म्हणाले. त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

रविवारी दुपारी ठेवणीतला शर्ट घालून मास्तर गॅलरीत भाषण म्हणून बघत होते. "मित्रहो, पुरावा नेईल तिकडे जायची तयारी हवी," असं म्हणत त्यांनी हात पसरला आणि तो तसाच राहिला. समोरच्या कुंड्यांखालच्या बशांमध्ये लालभडक पाणी साचलं होतं.

"अगं, हे काय?"

"तो प्लंबरचा रंग. झाडांना काही होत नाही, मी डबीवर वाचलंय."

"तो बाथरूममध्ये ओतायचा होता!"

"आणि टाइल्सच्या पांढऱ्या फटी लाल झाल्या असत्या म्हणजे? मी काय वेडी आहे?"

"म्हणजे प्रयोग झालाच नाही! मी त्यांना सांगितलं की झाला!"

"गळतच नाही तर प्रयोग हवाय कशाला?" ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "अहो, त्या टाइल्स आता कुठे मिळत नाहीत. फोडल्या की गेल्या. पाळकांनी मान्य केलंय ना? मग आज तिथे काही बोलू नका."

तिने आजवर फार काही मागितलं नव्हतं. जुन्या बाथरूमबद्दल तिने कधी तक्रारही केली नव्हती, नुसती वाट पाहिली होती. मास्तरांना हे सगळं माहीत होतं, आणि म्हणूनच सभागृहापर्यंतचा रस्ता त्यांना फार लांब वाटला.

सभागृह गच्च भरलं होतं. पाळक आधी बोलले. विश्वाला कारण हवं, घड्याळाला घड्याळजी हवा, हे सगळं झालं. मग ते रिकाम्या कबरीवर आले. "येशू पुन्हा उठला, हे त्याच्या शिष्यांनी पाहिलं आणि सांगितलं. मास्तर विचारतात, साक्षीदारांवर विश्वास कसा ठेवायचा? मी सांगतो कसा. माझ्या छताला ओल आहे. मी मास्तरांवर संशय घेतला. त्यांनी प्रयोग केला आणि सांगितलं, आमचं पाणी नाही. मी काही तिथे बघायला उभा नव्हतो. तरी मी विश्वास ठेवला, कारण माणूस खरा आहे. मित्रहो, शिष्यांवरही माझा असाच विश्वास आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर उठले. इतक्या वर्षांत पाळकांनी इतका चांगला मुद्दा मांडला नव्हता आणि त्याचं इतकं सणसणीत उत्तरही मास्तरांच्या खिशात कधी नव्हतं. एक वाक्य बोलायचा अवकाश, वाद खिशात. तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून.

मास्तर पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला, कागद उगाच सरळ केले. समोर पाळक त्यांच्याकडे इतक्या भरवशाने पाहत होते की मास्तरांना ते सोसवेना.

"पाळकसाहेब, तुमचा साक्षीदार चुकला," ते म्हणाले. "माझ्या घरात तो प्रयोग झालाच नाही. रंग कुंड्यांत गेला. मी खोटं बोललो नाही, पण मी सांगितलं ते खरंही नव्हतं. प्रामाणिक माणूससुद्धा चुकीची साक्ष देतो, एवढंच मला सांगायचंय. आणि हो, उद्या माझ्या टाइल्स फोडा."

सभागृहात लोक उभे राहिले. पाळकांनीही उठून टाळ्या वाजवल्या. मास्तर पहिल्यांदाच वाद इतका उघडपणे जिंकले होते. तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची मात्र रिकामी झाली होती.

सोमवारी सकाळीच पाळक प्लंबरला घेऊन आले. बायको स्वयंपाकघरात दार लावून बसली. हातोड्याच्या प्रत्येक घावाला मास्तर डोळे मिटत होते. कोपऱ्यातली निळी पानं एकेक करून खाली आली. शेवटी पाइप उघडा पडला. प्लंबरने जोडावरून बोट फिरवलं.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

"काय?"

"पाइप एकदम ठणठणीत. भिंत मात्र ओली आहे. पाणी पाइपच्या आतून नाही, बाहेरून ओघळतंय. वरून."

मास्तर आणि पाळक यांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांच्या वर फक्त गच्ची होती. ओलीमागचं कारण आणखी वर सरकलं, या नादात दोघेही टाइल्सचा घोळ विसरले. उत्सुकतेच्या भरात ते लहान मुलांसारखे जिना चढून गेले.

गच्चीवर पाण्याची टाकी भरून वाहत होती. पाणी उताराने कोपऱ्यात जात होतं आणि पाइपशेजारच्या भेगेतून खाली उतरत होतं.

"सापडलं!" मास्तर म्हणाले. "पण टाकी का वाहते?"

"मोटर वेळेवर बंद होत नाही म्हणून," पाळक उत्साहाने म्हणाले.

"आणि मोटर वेळेवर का बंद होत नाही?"

पाळकांचा चेहरा हळूहळू उतरला. इमारतीची मोटर पहाटे लावायचं काम त्यांच्याकडे होतं. पहाटे उठणारे तेच एकटे. ते खाली धावत गेले, मोटर बंद झाली, आणि ते जिना चढून पुन्हा वर आले तेव्हा गच्चीच्या दारात मास्तरांची बायको उभी होती.

"वहिनी, काय सांगू," ते धापा टाकत म्हणाले. "मी मोटर लावतो आणि मास्तरांचे मुद्दे खोडायला बसतो. महिनाभर असंच चाललंय, आणि आज कालचाच वाद डोक्यात घोळत होता. ते मुद्देच असे अवघड काढतात की वेळेचं भान राहत नाही."

"म्हणजे शेवटी कारण मीच की काय?" मास्तर पुटपुटले.

तिने दोघांकडे पाहिलं. "म्हणजे माझं बाथरूम गळत नव्हतं."

"नाही," पाळक म्हणाले.

"मी सांगितलं होतं."

"पण पुरावा..." मास्तरांनी सुरुवात केली आणि उरलेलं वाक्य गिळून टाकलं.

कोपऱ्यातल्या त्या जागी आता साध्या तपकिरी टाइल्स आहेत. पाळकांनी चार दुकानं फिरून आणल्या आणि मास्तरांनी स्वतः उभं राहून बसवून घेतल्या. त्या अजिबात शोभत नाहीत, तरी ती त्यासुद्धा पुसते. मोटरच्या पेटीला कुलूप लागलं असून किल्ली तिच्या कमरेला असते. रोज पहाटे पाळक किल्ली न्यायला येतात आणि थोड्या वेळाने परत द्यायला.

"बंद केली हं मोटर, वहिनी."

"विश्वास आहे हो तुमच्यावर," ती चपला पायात सरकवत म्हणते. "थांबा जरा, मी बघून येते."