बाहेरच्याले दिसते का?

तायडे मास्तर पुस्तकातलं चित्र आधी दाराला दाखवायचे, मग मुलांना.

चौथीची चाळीस पोरं जमिनीवर माना उंच करून बसलेली, आणि हा गृहस्थ त्यांच्याकडे पाठ फिरवून, उघड्या दाराकडे पुस्तक धरून विचारणार, "बाहेरच्याले दिसते का?" बाहेर कुणी नसायचं. फार तर व्हरांड्यात शिरलेली एखादी शेळी. मास्तर उत्तर आल्यासारखे क्षणभर थांबायचे. मग वर्गाकडे वळून गोष्ट सुरू.

अकोल्याच्या जुन्या शहरातली आमची शाळा; मीही तिथंच मास्तर. चीनशी लढाई होऊन थोडेच महिने झाले होते, आणि एकूणच हवेत संशय होता. आमच्या गल्लीत नवा भांडीवाला आला, तरी बायका आधी त्याचे डोळे बारीक आहेत का ते पाहायच्या. अशा दिवसांत तायडे मास्तर सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून शाळेत यायचे, आणि पेटीत रशियाची, जपानची, आफ्रिकेची, कुठकुठली मुलांची पुस्तकं. अमरावतीच्या एका रद्दीवाल्याकडून वेचून आणलेली. शनिवारच्या शेवटच्या तासाला मुलांचे हात बादलीत धुऊन घ्यायचे, आणि पेटी उघडायची. शाळा सुटली की तीच पेटी घेऊन मास्तर परतवाड्याच्या मोटारीत बसायचे. दर शनिवारी.

"परतवाड्याच्या पुढे काय आहे?" हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं.

"मेळघाट."

"म्हणजे जंगल. जंगलात पुस्तकं कोण वाचतं? आणि ते 'बाहेरचे' कोण? गुरुजी, तुम्हाला दुसऱ्याच्या घरात डोकावायची आवड आहे. ती जरा शाळेच्या कामी लावा. तीन शनिवार त्यांच्या तासाला बसा आणि अहवाल द्या. काही आढळलं, तर तास बंद आणि पेटी जप्त."

माझ्या गुणांची अशी कदर घरीसुद्धा कुणी केली नव्हती. मी त्याच शनिवारी कोरी वही घेतली आणि सगळ्यांवर नजर राहावी म्हणून खुर्ची थेट दारात टाकली.

तायडे मास्तर आले. पुस्तक उघडलं. दाराकडे धरलं, तर दारात मी.

"गुरुजी, जरासे सरकता का? बाहेरच्याले दिसून नाही राह्यलं."

"कोणाला?"

"बाहेरच्याले," ते म्हणाले, आणि मी सरकेपर्यंत थांबले.

मी वहीत लिहिलं : बाहेरच्याचं नाव सांगत नाहीत.

त्या दिवशी रशियाचं पुस्तक होतं. पानभर पांढरं शुभ्र, मधे एक लाकडी घर.

"सर, हा कापूस हाय का?" एका पोरानं विचारलं. वऱ्हाडातलं पोर, दुसरं काय विचारणार?

"कापूसच समज. पन हा वेचा लागत नाही. वरतून पडते."

"मंग चैन हाय ना जी त्याहीची!"

मी वहीत लिहिलं : रशियात कापूस फुकट असल्याचा प्रचार.

पुढच्या शनिवारी आफ्रिका. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई. पहिल्या रांगेतली माझीच मुलगी कुसुम ओरडली, "आपल्या धुरपताबाई अशाच मोळी आनतात! सर, आफ्रिका अकोटच्या पुढं हाय का?"

"बरीच पुढं. मोटार जात नाही."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि गुप्तहेरानं हसावं की नाही या विचारानं लगेच खोकलो.

घरी वेगळाच त्रास. कुसुमनं जेवताना जाहीर केलं की जपानी लोक घरात शिरताना पायतण बाहेर काढतात, म्हणून आपण जपानी आहोत. आमची ही म्हणाली, "अहो, त्या माणसाचं काहीतरी पाहा. आज जपानी झाली, उद्या काय होईल?"

मी पाहतच होतो. तिसऱ्या शनिवारी मला घबाड सापडलं. मास्तरांनी त्या दिवशी चौथीच्या दोन्ही तुकड्यांना तेच रशियाचं पुस्तक पाठोपाठ सांगितलं. 'अ'मध्ये लाकडी घरातली म्हातारी हरवलेलं कोकरू शोधत होती. 'ब'मध्ये तीच म्हातारी, त्याच पानावर, रुसलेल्या भावाला जेवायला बोलावत होती! दोन्ही ठिकाणी शेवट एकच. म्हातारी दार उघडते आणि म्हणते, "बाहेर काहून उभा? आत ये."

शाळा सुटल्यावर मी त्यांना सायकलपाशी गाठलं. "मास्तर, खरं सांगा. तुम्हाला रशियन येतं?"

ते पेटी बांधत होते. "नाही जी."

"जपानी?"

"नाही. चित्र पाहून सांगतो. लहानपनची सवय हाय." दोरीची गाठ मारून ते सरळ उभे राहिले. "आमच्या गावच्या शाळेत आमाले आत बसू देत नव्हते, गुरुजी. तुमाले ठाऊकच असन. मी अन् माही मोठी बहीण सरू, आमी ओट्यावर. मी दाराच्या कडेले, ती माह्या मांगं, भिंतीआड. आत मास्तर चित्राचा तक्ता दाखवत. मले अर्धा दिसे. तिले काहीच नाही. मंग सरू मले चिमटे काढे, 'का हाय रे? सांग ना, का हाय?' मंग मी अर्धं पाहून सांगो, अर्धं मनानं."

मी वही खिशात घातली.

"एक डाव मले नुसती मांगची बाजू दिसली. मोठ्ठं काळं, बारीक शेपटी. मी म्हटलं, हत्ती! लय वर्सं सरू साऱ्या गावाले सांगे, का आमच्या शाळेत हत्तीचा तक्ता हाय म्हणून."

"आता कुठं असतात त्या?"

"परतवाड्याले. लाकडाच्या वखारीत मजुरी करते. दर शनवारी पेटी नेतो तिच्याकडं. आता मले सांगू देत नाही. म्हणते, तू गप बस, मले पाहू दे. पाऊन पाऊन घंटा एकच पान पाह्यते." मास्तर हसले. "मांगल्या शनवारी एका पुस्तकात म्हैस निंगाली, पाठमोरी. खूप येळ पाह्यली तिनं. मंग म्हणे, 'काहून रे लबाडा, हा तं आपला हत्ती!'"

मोटारीची वेळ झाली होती. ते सायकलवर बसून गेले.

मी त्यांच्या शाळेत शिकलो नव्हतो. पण मी शिकलो त्या शाळेलाही दार होतं, ओटा होता. ओट्यावर कोण बसायचं, हे एकदाही वळून पाहिल्याचं मला आठवत नाही. डोकावायची आवड मात्र लहानपणापासूनची.

सोमवारी अहवाल दिला. 'आक्षेप' या सदरात मी लिहिलं होतं : चित्रे फार लहान आहेत. दाराबाहेरून दिसत नाहीत. मोठी पुस्तके मागवावीत.

हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आता संशयित मी होतो. "दाराबाहेर असतं कोण पण?"

"अजून तपास चालू आहे, साहेब."

"मग तो पुरा होईपर्यंत तास चालू द्या," ते म्हणाले. "पण लक्ष ठेवा."

पुढच्या शनिवारी मी लक्ष ठेवायला गेलो. खुर्ची दारातून उचलली आणि पार मागच्या भिंतीशी नेऊन ठेवली. तायडे मास्तरांनी पुस्तक उघडलं, रिकाम्या दाराकडे धरलं आणि विचारलं, "बाहेरच्याले दिसते का?"

पोरांनी दाराकडे पाहिलं.

"दिसते," मी म्हणालो.